तिसरं कडवं

४ जानेवारी

प्रिय चिमणे,

आजपासून मी मुकी झाले आहे. घाबरू नकोस, गळा शाबूत आहे. कार्यक्रमाआधी तोंड बंद ठेवायची माझी जुनी खोड तुला ठाऊक आहेच. पूर्वी आठवडाभर गप्प बसलं की भागायचं, आता अडीच महिने बसावं लागणार. या वयात आवाज म्हणजे तळाला गेलेला डबा. सकाळ-संध्याकाळ बोलण्यात उधळला तर गायला काय उरणार? म्हणून फोन करू नकोस. मी उचलेन, ऐकेन आणि ठेवून देईन, आणि तू घाबरून डॉक्टर पाठवशील. त्यापेक्षा लिही. तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय आहे का तेही कळेल.

बातमी अशी की तुमच्या सभागृहाला पन्नास वर्षं होतायत आणि वीस मार्चच्या संध्याकाळी तिथे गायला मला बोलावलं आहे. पत्रावर तुमच्या व्यवस्थापकांची सही आहे. भाषा इतकी गोड की वाचून ओठ चिकटले. तू तिथेच ध्वनियंत्रणा सांभाळतेस, तुला माझ्याआधी कळलं असणार, आणि तरी तू कळवलं नाहीस. याचा जाब नंतर घेईन.

मागच्या ऑक्टोबरात काय झालं ते तू पाहिलंस. ‘अजून उजेड आहे’च्या तिसऱ्या कडव्यात माझा श्वास संपला, खोकला आला, आणि मास्तर बिचारे पियानोवर तेच ते सूर फिरवत माझी वाट बघत राहिले. मी परत आले, ध्रुवपद गाऊन गाणं पुरं केलं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात त्या समीक्षकाने लिहिलं, ‘बाईंनी स्वतःच तीस वर्षं गायलं आहे, दमले तर बसेन वाटेवर. आता बसावं, ही नम्र विनंती.’ माझंच गाणं माझ्याच तोंडावर मारलं. तुझ्या बापाने ते कात्रण मला पोस्टाने पाठवलं, खाली लाल शाईत ‘विचार कर’ असं लिहून. भाऊ कसला, पोस्टमन आहे मेला.

केला विचार. गाणार आहे. तेच गाणं, आणि आता तुमच्या सभागृहात.

गळ्यात पाटी अडकवून बाजारात जाते. दुकानदार मी बहिरी आहे असं समजून माझ्या कानाशी ओरडतो. शेजारीण तर माझ्याच पाटीवर उत्तर लिहून देते. तिला मी दोनदा खूण करून सांगितलं की कान चालू आहेत. तिने पाटीवर लिहिलं, ‘बरं.’

तुझी,
आत्या


१५ जानेवारी

प्रिय आत्या,

तुझं पत्र वाचून हसले. हो, मला आधी कळलं होतं. कळवलं नाही, कारण तू नाही म्हणशील अशी थोडी आशा होती. रागावू नकोस.

सभागृह तू ओळखणार नाहीस. छताला नवे लाकडी फलक बसवलेत, खुर्च्या गुबगुबीत केल्यात. बसायला छान, पण आवाज गिळतात. पूर्वी तू मागच्या रांगेपर्यंत माइकशिवाय पोचायचीस, आता तसं होणार नाही. माझी खोली तशीच आहे, सगळ्यात मागे, काचेच्या आड. यंत्र मात्र नवं आलंय, इतकी बटणं की माझ्यासारखीलाही पहिले दोन दिवस घाम फुटला होता.

कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण होणार आहे, त्यामुळे व्यवस्थापकसाहेब फार काळजीत असतात. सारखे माझ्या खोलीत येऊन उभे राहतात. मला एक विचारायचं होतं. तू ‘अजून उजेड आहे’ अगदी रेकॉर्डवर आहे तसंच गाणार का? म्हणजे त्याच पट्टीत, त्याच लयीत? मास्तरांनाही विचारून कळव. तयारीसाठी हवं आहे. आणि दुसरं एखादं हलकं गाणं घ्यायचा विचार केलास तर? तुझी कितीतरी गाणी आहेत ज्यांत श्वास इतका लांब लागत नाही.

पाटीवर काय काय लिहितेस ते कळव. शेजारीणबाईंना माझा नमस्कार, तोही पाटीवरच.

तुझी,
चिमणी


२४ जानेवारी

प्रिय चिमणे,

हलकं गाणं? मी काय आजारातून उठलेय की मला मऊ भात द्यायचा?

बाकी तुझ्या प्रश्नाने बरं वाटलं. पट्टी, लय विचारणारी माणसं आता राहिली नाहीत. सगळे विचारतात, साडी कोणती नेसणार. तर लिहून घे, तीच पट्टी, तीच लय. मास्तरांना विचारायची गरज नाही. ते गाणं त्यांनी इतकी वर्षं एकाच चालीने वाजवलंय की रेकॉर्ड आणि मास्तर शेजारी बसवले तर कोण कुठलं ते त्यांच्या बायकोलाही सांगता यायचं नाही.

दर मंगळवारी येतात. ऐंशीला टेकलेत. काठी टेकत तीन जिने चढतात, प्रत्येक मजल्यावर थांबून माझ्या नावाने खडे फोडतात, ते मला वर ऐकू येतं. आले की आधी गरम पाण्याचं भांडं मागतात आणि बोटं त्यात बुडवून बसतात. बोटं आखडलीत. पाणी कोमट झालं की हात पुसून पियानोशी जातात आणि मग त्या बोटांचं वय कळत नाही. परवा मी पाटीवर लिहिलं, ‘दुखतं का?’ तर म्हणाले, दुखायचं ते घरीही दुखतं, मग इथे दुखलेलं काय वाईट?

इतर दिवशी मी एकटीच रियाज करते. खालच्या मजल्यावर एक रखवालदार राहतो, रात्रपाळी करून दिवसा झोपतो. म्हणून मी कपड्यांच्या कपाटात तोंड घालून गाते. जुने कोट, पांघरुणं, सगळं माझं ऐकतात. टाळ्या नाहीत, पण उठूनही जात नाहीत.

आता तुला एक गंमत सांगते, कुणाला सांगू नकोस. तिसऱ्या कडव्यात ‘दमले तर बसेन वाटेवर’ या ओळीनंतर मी गुणगुणते ना, शब्दांशिवाय? ज्यावर लोक डोळे पुसतात? तिथे एक ओळ आहे. होती. ज्या दिवशी तुमच्या सभागृहात रेकॉर्डिंग झालं, खचाखच भरलेल्या लोकांसमोर, त्या दिवशी ऐन वेळी ती माझ्या डोक्यातून पार निघून गेली. तोंड उघडं, शब्द नाही. मग गुणगुणले आणि ध्रुवपदावर उडी मारली. लोकांना वाटलं वा, काय जागा घेतली बाईंनी! गीतकार पहिल्या रांगेत बसले होते. नंतर आत येऊन हसत म्हणाले, ‘बाई, माझं गाणं तुम्ही झोपवलंत.’ ओळ मला त्याच क्षणी आठवली, त्यांच्या तोंडाकडे बघताना. पुढच्या वेळी नीट गाईन असं कबूल केलं. पण पुढच्या वेळी त्या जागेला अख्खं सभागृह माझ्याबरोबर गुणगुणायला लागलं. मग काय करणार? तेव्हापासून ते गाणं दमलेल्या माणसांचं झालं. कुणी निवृत्त झालं की तेच वाजवतात. गीतकार गेले, तेव्हाही वाजवलं. मी तिथे उभी होते आणि मला इतका राग आला होता की फुलं ठेवायची विसरले.

तू तेव्हा एवढीशी होतीस. गॅलरीच्या कठड्याला हनुवटी टेकून बसली होतीस. आठवतं का?

तुझी,
आत्या


६ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

आठवतं. मी ध्वनीच्या कामात आले ती त्या दिवसामुळे. कठड्याचं लाकूड तुझ्या आवाजाने हनुवटीखाली थरथरत होतं.

आत्या, माझं एक ऐक. गाणं दोन स्वर खालच्या पट्टीत घे. मास्तरांना सांग, त्यांना ते चुटकीसरशी जमेल. कारण विचारू नकोस. माझ्यासाठी म्हणून घे.

तुझी,
चिमणी


१० फेब्रुवारी

चिमणे,

कारण विचारत नाही. ते कळतं मला.

ऑक्टोबरात तू विंगेत उभी होतीस. मला खोकताना तू जवळून पाहिलंस. तेव्हापासून तुझ्या डोळ्यांत जे आलंय ते मी ओळखते, कारण ते मी तुझ्या बापाच्या डोळ्यांतही पाहते. दया. लोकांनी केली तर मी ती झटकून टाकते. तुझ्याकडून आली तर ती अंगाला चिकटते.

पट्टी खाली घेण्यात लाज नाही. माझ्यापेक्षा मोठमोठ्यांनी घेतली आहे. पण ती स्वतःच्या गळ्याला विचारून घ्यायची असते, दुसऱ्याला भीती वाटते म्हणून नाही. मी रोज कपाटात तोंड घालून तो वरचा स्वर गाठते आहे. कधी लागतो, कधी नाही. लागत नाही त्या दिवशी दुपारी परत गाते. हे सगळं करून झाल्यावर तू मला सांगतेस, आत्या, पायरी उतर.

समीक्षकाने नम्र विनंती केली, तुझ्या बापाने लाल शाई वापरली, आणि तू ‘माझ्यासाठी’ म्हणालीस. तिघांचं म्हणणं एकच.

आता वीस मार्चपर्यंत लिहू नकोस. मला काम आहे.

आत्या


१ मार्च

प्रिय आत्या,

तू लिहू नकोस म्हणालीस तरी लिहिते आहे. दोन पत्रं लिहून फाडली. हे टाकणार.

तू समजलीस तसं नाही. म्हणजे दया नव्हती असं मी म्हणत नाही, होती. पण पट्टी खाली घे म्हणाले त्याचं कारण वेगळं आहे. ते तुला सांगायचं नाही असं मला बजावलं गेलं होतं. सगळं नीट सांगते.

डिसेंबरात व्यवस्थापकसाहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, बाईंचं नाव मोठं आहे, त्यांच्याशिवाय पन्नासावं वर्ष साजरं होऊ शकत नाही, पण थेट प्रक्षेपणात ऑक्टोबरसारखं झालं तर आपलं हसं होईल. म्हणून बाईंच्या जुन्या रेकॉर्डिंगमधून त्यांचा आवाज वेगळा काढून तयार ठेवायचा. हल्ली ते जमतं, वाद्यं वगळून फक्त गळा उचलता येतो. तू गाताना कुठे अडखळलीस तर मी तुझा माइक बंद करायचा आणि तो जुना आवाज सोडायचा. मास्तर त्याच लयीत वाजवतात, तू त्याच पट्टीत गातेस, त्यामुळे कुणालाही कळणार नाही. तुझे ओठ हलत राहतील. तुलासुद्धा कदाचित नंतरच कळेल.

मी हो म्हणाले. तुला ऑक्टोबरात तसं उभं पाहिलं होतं आणि परत पाहवलं नसतं. मला वाटलं, ही तुझ्यावरची सावली आहे. मग त्यांनी मला तो जुना आवाज वाद्यांशिवाय ऐकवला. काय आवाज आहे आत्या. ऐकला आणि मला एकदम कळलं की आपण तुझ्यावर दुसरीच बाई सोडणार आहोत, तुझ्यापेक्षा तरुण, आणि तुला न विचारता.

नाही म्हणायला गेले तर साहेब म्हणाले, हरकत नाही, दुसऱ्या कुणालातरी बसवतो. तो दुसरा कोण असेल आणि किती लवकर बटण दाबेल काय सांगावं? म्हणून मी जागा सोडली नाही. तेव्हा सुचलं की तू पट्टी बदललीस तर तो जुना आवाज जुळणारच नाही, सगळा बेत आपोआप बारगळेल, आणि तुला काही कळायचीही गरज पडणार नाही. मला वाटलं मी फार हुशार आहे.

आता तुला कळलंय. हवं तर कार्यक्रमाला नाही म्हण. हवं तर माझ्याशी बोलू नकोस. तसंही तू कुणाशीच बोलत नाहीयेस.

चिमणी


६ मार्च

प्रिय चिमणे,

पत्र वाचलं. आधी इतकी संतापले की पाटी आपटली. तिचा कोपरा उडाला. मग शेजारीण धावत आली, तिने पडलेल्या पाटीवर लिहिलं, ‘काय झालं?’ आणि मी हसायला लागले ते थांबेचना. दोन महिन्यांच्या मौनातला तेवढाच आवाज फुकट गेला.

मास्तर आल्यावर त्यांना तुझं पत्र वाचायला दिलं. बोटं पाण्यातच होती म्हणून मीच समोर धरलं. वाचून म्हणाले, ‘म्हणजे मीही रेकॉर्डच आहे म्हणायचा.’ त्या दिवशी त्यांनी पियानो असा वाजवला की रखवालदार वर आला आणि दारात उभा राहून ऐकून गेला. झोप मोडली म्हणून काही बोलला नाही.

तर आता ऐक. मी कार्यक्रम सोडणार नाही. तक्रारही करणार नाही. तक्रार केली तर साहेब माफी मागतील, हार घालतील आणि गुपचूप करायचं ते करतील. पट्टीही खाली घेणार नाही. चोर येणार म्हणून आपण आपलं घर सोडून जायचं, हे मला जमणार नाही.

माझी भीती तुला वाटते ती नाही. आवाज फाटला तर फाटला. चाळीस वर्षं जे लोक माझ्यासमोर बसले त्यांचेही गुडघे आता दुखतात, केस गेलेत. ते माझं तारुण्य ऐकायला येत नाहीत, तेवढ्यासाठी त्यांच्या घरी रेकॉर्ड आहे. ते बघायला येतात की ही अजून उभी आहे का. आणि मी उभी नसेन तर तेही त्यांना बघायचा हक्क आहे. पडले तर माझी मी पडेन. पण माझ्या तोंडासमोर माझाच जुना आवाज आजचा म्हणून वाजला आणि मी नुसते ओठ हलवत राहिले, तर मी मेल्यातच जमा. ते मला सोसणार नाही.

तू हो म्हणालीस त्याचा राग अजून गेलेला नाही. जाईल. तुझ्या जागेवर बस. तुला एकच काम सांगते, दुसरं काही करू नकोस, भांडू नकोस, वायरी तोडू नकोस. काय वाटेल ते झालं तरी माझा माइक चालू ठेव.

बाकीचं मी बघते.

तुझी,
आत्या


२२ मार्च

प्रिय आत्या,

तू परत मौनात गेलीस असं बाबांनी सांगितलं, चार दिवस तरी बोलणार नाहीस म्हणे. बरंच झालं. समोर बोलायचं असतं तर मी रडले असते. काचेच्या मागे काय झालं ते तुला स्टेजवरून दिसलं नसेल. ते तुला कळायला हवं.

तू स्टेजवर आलीस तेव्हा साहेब माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. पहिली गाणी बरी गेली, त्यांनी दोनदा हुश्श केलं. तू ‘अजून उजेड आहे’ सुरू केलंस आणि ते पुढे वाकले. पहिल्या कडव्यात तुझा आवाज खरखरला. त्यांनी माझ्या खांद्यावर बोट टेकवलं. मी म्हणाले, अजून नाही. दुसऱ्या कडव्यातला तो वरचा स्वर तू गाठलास, अगदी काठावरून, मला वाटलं गेला, पण गाठलास. पहिल्या रांगेतला एक म्हातारा तोंडावर हात ठेवून बसलेला पडद्यावर दिसला.

मग तिसरं कडवं. ‘दमले तर बसेन’ इथपर्यंत आलीस आणि ‘वाटेवर’ म्हणताना आवाज फाटला. फाटलाच. तू थांबलीस, श्वास घेतलास, आणि तो माइकमधून सगळ्यांना ऐकू आला. साहेब म्हणाले, ‘आता. बाईंचा माइक बंद कर.’

यंत्रावर तुझ्या माइकची एक सरकपट्टी होती आणि शेजारी त्या जुन्या आवाजाची एक. मी तुझ्या पट्टीवर तळहात ठेवला आणि दाबून धरला. मी म्हणाले, ‘नाही करणार.’ त्यांनी माझा हात ओढून बघितला, मी सोडला नाही. मग त्यांनी माझ्यावरून हात लांब करून दुसरी पट्टी स्वतःच वर सरकवली.

आणि सभागृहात तुझं ते गुणगुणणं आलं. तीस वर्षांपूर्वीचं. स्वच्छ, मधाळ, एकही ओरखडा नसलेलं. मास्तरांची मान झटकन वर झाली, पण हात थांबले नाहीत. मला वाटलं, संपलं. आता आत्या खाली बघेल, किंवा निघून जाईल.

तू मान वळवून स्पीकरकडे बघितलंस. मी तुझा चेहरा मोठ्या पडद्यावर बघत होते. तू हसलीस, आत्या. आणि त्या गुणगुणण्यावर, तुझ्या त्या फाटक्या आवाजात तू गायलीस,

दमले तर बसेन वाटेवर,
बसेन तीही उठण्यासाठी.

ही ओळ होती तर. एवढी वर्षं लोक त्या जागेला डोळे पुसत होते, आणि तिथे हे होतं. कुणीही गुणगुणलं नाही. तू ती ओळ परत घेतलीस, या वेळी जोरात, आणि ध्रुवपदावर आलीस तेव्हा लोक उभे राहिले होते. एकदम नाही. आधी तो पहिल्या रांगेतला म्हातारा, खुर्चीच्या हाताला धरून, हळूहळू. मग त्याच्या मागचे. कितीतरी जण गुडघे धरून उठत होते. उठण्यासाठी बसलेलेच होते जणू सगळे.

ध्रुवपदाआधीच साहेबांचा हात त्या पट्टीवरून निघाला होता. मी ती खाली घेतली. शेवट तू एकटीने गायलास.

आता हसायचं असेल तर हस. आजच्या वर्तमानपत्रात त्याच समीक्षकाने लिहिलंय की बाईंच्या तरुण आवाजावर आजचा आवाज बसवण्याची कल्पना विलक्षण होती, आणि तिचं श्रेय व्यवस्थापकांचं आहे. साहेब सकाळपासून अभिनंदनाचे फोन घेतायत. मला म्हणाले, पुढच्या वेळी अशी काही योजना असली तर आधी सांगत जा. मी म्हणाले, पुढच्या वेळी माझ्या खोलीत न विचारता येऊ नका. नोकरी आहे अजून. उद्याचं उद्या.

माझ्या तळहातावर त्या पट्टीचा वळ आहे. तो जाऊ नये असं वाटतंय.

तुझी,
चिमणी


२८ मार्च

प्रिय चिमणे,

वळ जाऊ दे. तळहात पुढे लागणार आहे.

समीक्षकाचं कात्रण तुझ्या बापाने पाठवलं. या वेळी लाल शाईत काही लिहिलेलं नाही, नुसती ती ओळ दोनदा अधोरेखित केली आहे. माझा भाऊ अख्ख्या आयुष्यात एवढं मोकळं बोललेला नाही. श्रेय साहेबांना मिळालं म्हणून मी अर्धा दिवस जळफळले. मास्तर म्हणाले, जाऊ द्या बाई, चोराने चोरी केली आणि आपल्याच घरात दिवा लावून गेला. मास्तरांना त्या संध्याकाळपासून माज आला आहे. जिना चढताना थांबत नाहीत. शिव्या मात्र तेवढ्याच.

तुझ्यावरचा राग गेला. कधी गेला ते सांगू? तो आवाज स्पीकरमधून आला, आणि मी एक शब्द घेऊन बघितला, आणि माझाही ऐकू आला. तेव्हा कळलं की मागे काचेपलीकडे माझी पोर हात दाबून बसली आहे. मग मला कुणाचीच भीती उरली नाही.

नवी बातमी. पलीकडच्या गावातल्या शाळेने बोलावलंय, मे महिन्यात. तिथे सभागृह नाही, व्यायामशाळा आहे. खुर्च्या लाकडी. आवाज गिळणारं काही नाही. पियानोच्या दोन पट्ट्या वाजत नाहीत असं कळवलंय त्यांनी प्रामाणिकपणे. मास्तर म्हणतात, माझी दोन बोटंही चालत नाहीत, जमेल. माइक तू आणायचास आणि तूच सांभाळायचास. रजा मिळत नसेल तर साहेबांना सांग, तुमचीच कल्पना पुढे नेतेय.

रियाज सुरू आहे. कपाट बंद केलं. खिडकी उघडून गाते. पहिल्या दिवशी रखवालदार वर आला. मला वाटलं आता भांडण. तर म्हणाला, बाई, एवढे दिवस छतातून अर्धंच ऐकू यायचं, शब्द कळायचे नाहीत. मग माझ्या पाटीवर ती ओळ लिहून मागितली. पाटीच देऊन टाकली. मला नको आहे आता.

एक राहिलं. तू लिहिलंस की स्पीकरकडे बघून मी हसले. का हसले ते तुला वाटलं असेल, धीर म्हणून. तसं काही नव्हतं ग. ती पोरगी एवढ्या छान गळ्याची, भरल्या सभागृहासमोर उभी, आणि तिला पुढची ओळ आठवत नव्हती. गुणगुणत वेळ काढत होती बिचारी. मी सांगितली तिला.

तुझी,
आत्या